राहणाऱ्याचं घर की वारसाचं?

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. जिथे तीन-चार पिढ्यांनी १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार केले, तिथे आता ५०० चौरस फुटांचं, दोन बेडरूमचं घर. तेही मालकी हक्काने आणि विनामूल्य. या चाळी सरकारच्या आणि रहिवासी सरकारचे भाडेकरू. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरचा पुनर्विकास पूर्ण झाला, की मुंबईतल्या सार्वजनिक भाड्याच्या घरांचा एक मोठा साठा कायमचा खाजगी मालकीचा होईल.

हे योग्य आहे का? खाली बोलणाऱ्या दोघांची उत्तरं वेगळी आहेत. मामा वरळीच्या चाळीत जन्मले, महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि भाडेकरूंच्या लढ्यात पहिल्यापासून राहिले. भाची नगररचनेचं काम करते आणि नालासोपाऱ्यात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहते. तिची आई मामांच्याच खोलीत वाढली. प्रश्न शहराचा आहे, पण दोघांच्या घरातूनही तो गेलेला आहे, म्हणून त्यांचं बोलणं पूर्ण ऐकण्यासारखं आहे.

भाची : मामा, तुम्हाला घर मिळालं याचा आनंद मला आहेच. तरी प्रश्न राहतो. चाळ सरकारी, जमीन सरकारी, म्हणजे या शहरातल्या प्रत्येकाची. ती काही हजार कुटुंबांच्या नावावर कायमची का करून द्यायची? चांगलं, ऐसपैस, सुरक्षित घर भाड्यानेच का नाही द्यायचं?

मामा : कारण भाडेकरू म्हणून शंभर वर्षं काय वाट्याला आलं ते आम्ही भोगलंय. मुळापासून सांगतो. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, तेच बीडीडी. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या ठरल्या. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावला. प्रत्यक्षात झाल्या २०७ चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या. मधून लांबच लांब बोळ, दोन्ही हातांना खोल्या, संडास सामायिक. भाडं कामगाराला झेपेना, आत उजेड नाही, वारा नाही. कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं ओस होत्या. सविनय कायदेभंगाच्या वेळी सरकारने वरळीच्या चाळींचा तुरुंग केला. ज्या इमारतीचा तुरुंग इतक्या सहज होऊ शकला, त्या इमारतीत आम्ही लेकरं वाढवली, लग्नं लावली, म्हातारी माणसं सांभाळली.

भाची : त्याच दशकात व्हिएन्नाची पालिकाही कामगारांसाठी घरं बांधत होती. तिने १९२३ मध्ये घरबांधणीसाठी कर बसवला, जितकं घर आलिशान तितका कर जास्त. १९३४ पर्यंत ६० हजारांहून अधिक घरं उभी राहिली. कार्ल मार्क्स होफ नावाची वसाहत १९३० मध्ये खुली झाली. लांबी एक किलोमीटरच्या वर, घरं चौदाशेच्या आसपास, आणि आवारातच धुलाईघर, बालवाडी, वाचनालय. व्हिएन्नाच्या पालिकेकडे आज सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत आणि पालिका ती भाड्यानेच देते. शिक्षक, बसचालक, नर्स, निवृत्त माणसं अशा घरांत शहराच्या मध्यात राहतात. मालकी नाही म्हणून त्यांच्या डोक्यावरचं छप्पर जात नाही.

मामा : तिथला मालक मालकासारखा वागला, हे त्यातलं खरं. आमच्या मालकाने काय केलं? एक कायद्याची गोष्ट ऐक. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यातून सरकारने स्वतःच्या इमारती वगळल्या. पागडीच्या चाळीतला भाडेकरू घरमालकाला कोर्टात खेचू शकत होता. आम्हाला तो आधारच नव्हता. उलट सरकारी जागेतून माणूस बाहेर काढायला १९५५ चा वेगळा कायदा होता. खोलीतली मोरी आम्ही बांधली, लादी आम्ही बसवली, पोटमाळा आम्ही घातला. स्लॅबचा गिलावा पडायला लागला की अर्ज द्यायचा आणि वाट बघायची. माझ्या ट्रंकेत आजोबांच्या नावाच्या भाडेपावत्या अजून आहेत. पुनर्विकासाच्या पात्रतेसाठी पुरावा मागितला तेव्हा त्याच पिवळ्या पावत्या कामाला आल्या. तीन पिढ्यांनी भाडं वेळेवर भरलं याला दुसरा पुरावा उरला नव्हता, कारण आम्ही कोण याची नोंद नीट ठेवायची मालकालाही गरज वाटली नव्हती.

भाची : म्हणजे तुमची तक्रार मालकाविरुद्ध आहे, भाड्याविरुद्ध नाही. मालक वाईट होता, तर मालक सुधारायला हवा. राहत्या माणसाला घराबाहेर काढता येणार नाही असा कायदा करा. दुरुस्ती झाली नाही तर दाद मागायला न्यायाधिकरण द्या. भाडं उत्पन्नाच्या प्रमाणात ठेवा. तुम्हाला हवी होती ती सुरक्षितता यातून मिळते.

मामा : कागदावर मिळते. सुरक्षित भाडेकरू आणि मालक यांत एक फरक आहे आणि तो घरात राहणाऱ्यालाच कळतो. मालकी असली की बँक दारात उभं करते. नातीच्या शिक्षणासाठी कर्ज काढता येतं. सोसायटीच्या बैठकीत आपण बोललेलं ठरावात जातं. मी चाळीस-पन्नास वर्षं अर्जदार होतो, आता सभासद आहे. गरीब माणसाकडे विकायला फक्त त्याचे हात असतात. त्याच्या नावावर काहीतरी असणं ही चैन कशी? श्रीमंतांच्या मुलांना बापाकडून फ्लॅट मिळतो तेव्हा कोणी शहराच्या हिताचा प्रश्न काढत नाही.

भाची : हे मी खोडून काढत नाही. इंग्लंडमध्येही हाच विचार होता. १९८० च्या हाउसिंग कायद्याने मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने पालिकेच्या भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. सवलत किमतीच्या एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत, पुढे फ्लॅटसाठी ७० टक्क्यांपर्यंत. तेव्हा त्या देशातली जवळजवळ एक तृतीयांश कुटुंबं पालिकेच्या घरात राहत होती. नंतरच्या दशकांत इंग्लंडमध्ये सुमारे २० लाख घरं विकली गेली.

मामा : मग? वीस लाख कामगार कुटुंबं मालक झाली. ज्यांच्या बापाने आयुष्यभर भाडं भरलं त्यांना घरात शिरताना पहिल्यांदा आपलं वाटलं असेल.

भाची : पहिल्या पिढीचं भलं झालं, ते मान्य. दुसऱ्या पिढीचं पाहा. विकलेल्या घरांचा सगळा पैसा पालिकांना नवी घरं बांधायला वापरू दिला नाही, त्यामुळे साठा घटत गेला. जे राहिलं त्यात चांगली, बागेची घरं कमी, कारण ती आधी विकली गेली होती. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या विकलेल्या फ्लॅटांचा हिशेब लागला तेव्हा ४० टक्क्यांच्या आसपास फ्लॅट खाजगी घरमालक भाड्याने देत असल्याचं आढळलं. पालिकेने स्वस्तात विकलेल्या घरात आज दुसरं कुटुंब बाजारभावाने राहतं, आणि त्या भाड्यासाठी सरकार पुन्हा अनुदान देतं. स्कॉटलंडने हा हक्क २०१६ मध्ये बंद केला, वेल्सने २०१९ मध्ये. इंग्लंडनेही २०२४ च्या शेवटी सवलत खूप खाली आणली. चाळीस वर्षांनी त्यांना जे समजलं, ते आपण आधी का समजून घेऊ नये?

मामा : तूच आत्ता सांगितलंस ना, पैसा पुन्हा बांधकामात घालू दिला नाही म्हणून. मग चूक विकण्याची की पुन्हा न बांधण्याची?

भाची : पुन्हा न बांधण्याची. आणि नेमकं तेच मुंबईत सतत होत आलंय. पन्नास-साठच्या दशकांत हाउसिंग बोर्डाने केंद्राच्या १९५२ च्या योजनेतून औद्योगिक कामगारांसाठी भाड्याच्या वसाहती बांधल्या. विक्रोळीच्या कन्नमवार नगरसारख्या वसाहती पुढे राहणाऱ्यांच्या सोसायट्यांकडे गेल्या. त्या बदल्यात भाड्याची नवी वसाहत उभी राहिली नाही. २००८ मध्ये एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आणली. खाजगी जमिनीवर बिल्डरला जादा चटईक्षेत्र द्यायचं आणि त्याच्याकडून १६० चौरस फुटांची घरं बांधून घ्यायची, ती सरकारने भाड्याने द्यायची. काही हजार घरं तयार झाली. मग भाडं कोण वसूल करणार, देखभाल कोण पाहणार, असे प्रश्न आले आणि योजनेचं स्वरूपच बदललं. पनवेलजवळ कोनला दोन-दोन खोल्या जोडून ती घरं गिरणी कामगारांना सोडतीत मालकीने दिली.

मामा : गिरणी कामगारांना दिली त्यात तुला दुःख?

भाची : अजिबात नाही. गिरणी कामगारांचा हक्क त्याहून मोठा होता. दुःख याचं, की एक न्याय द्यायला आपण दुसऱ्याचं ताट ओढलं. २०२० च्या टाळेबंदीत मजूर उन्हातून चालत गावी निघाले, कारण पगार थांबला आणि भाड्याची खोली परवडेना. त्यानंतर केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली. म्हणजे जी गोष्ट आपल्याकडे होती, ती आपण वाटून टाकली आणि संकट आल्यावर पुन्हा शोधायला निघालो. शहरात रोज कोणीतरी नवा माणूस येतो. त्याच्याकडे झोपडीच्या पात्रतेचा १९९५ चा पुरावा नसतो, २००० चा नसतो, आजोबांच्या पावत्या नसतात. तो मालक व्हायला आलेला नसतो, काम करायला आलेला असतो. त्याच्यासाठी या शहरात सरकार घरमालक म्हणून कुठे उभं आहे?

मामा : त्या माणसाबद्दल मलाही वाटतं. माझे आजोबाही रत्नागिरीहून असेच आले होते. पण त्याचं ओझं आमच्याच खांद्यावर का? वरळीच्या चाळीतून बाहेर पड, चालत गेलीस तरी महालक्ष्मी रेसकोर्स लागतं. सार्वजनिक जमीन, भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. गिरण्यांच्या जमिनींचं घे. १९९१ च्या विकास नियमावलीत ठरलं होतं, की गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागेला, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीलाच वाटणी लागू झाली आणि सार्वजनिक हिस्सा आकसून गेला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. तेव्हा शेकडो एकर जमीन हातची गेली. शहराची जमीन राखायचा विचार चाळीच्या दारात आल्यावरच का सुचतो?

भाची : हा तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे, आणि मी त्याला बगल देणार नाही. गिरण्यांच्या जमिनीत शहराची फसगत झाली. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष तुमचा आणि माझा वेगळा आहे. तुम्ही म्हणता, तिकडे गेलं, मग इकडेही जाऊ दे. मी म्हणते, तिकडे गेलं, म्हणूनच इकडे उरलेलं जपायला हवं. आणि तुमचं घर फुकट आलं, म्हणजे कोणी पैसे भरले नाहीत असं नव्हे. वरळीत त्याच जमिनीवर विक्रीचे टॉवर येणार आहेत. त्या विक्रीतून तुमच्या घराचा खर्च निघतो. सरकारी जमीन दोन ठिकाणी गेली. एक भाग तुमच्याकडे आला, तो मला न्याय्य वाटतो. दुसरा भाग कोट्यवधींचा फ्लॅट घेऊ शकणाऱ्याकडे जाणार. हातावर पोट असलेल्याला भाड्याने मिळेल असा भाग कुठेच नाही.

मामा : तो हिशेब मला पटतो. विक्रीच्या टॉवरवर बोट ठेवलंस तर मी तुझ्या बाजूने आहे. माझ्या खोलीवर नको ठेवूस.

भाची : मग पोलिसांच्या खोल्यांचं काय? बीडीडी चाळींत दोन हजारांहून अधिक खोल्या पोलिसांच्या सेवा निवासाच्या होत्या. तिथे राहणाऱ्या निवृत्त पोलिसांच्या कुटुंबांना घर द्यायचं ठरलं तेव्हा आधी ५० लाख रुपये किंमत जाहीर झाली, मग २५ लाख, मग २०२२ मध्ये १५ लाख. खोली नोकरीबरोबर येते, नोकरीबरोबर जाते, हा सेवा निवासाचा नियम. तो मोडला. उद्या भरती होणाऱ्या हवालदाराने रात्रपाळी संपवून विरार-बदलापूरला जायचं का? शहराचं काम करणाऱ्याला कामाजवळ घर असावं म्हणून सेवा निवासं असतात. ती विकली की पुढच्याची सोय संपली.

मामा : नियम बरोबर आहे. पण निवृत्तीच्या दिवशी तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेला हवालदार कुठे जाणार होता? त्याच्या पगारात मुंबईत घर झालं नसतं, हे त्याला नोकरीत घेणाऱ्यालाही ठाऊक होतं. मुलं इथल्या शाळेत, म्हातारी आई इथल्या दवाखान्यात. एका बाजूला नियम आणि एका बाजूला सामान बांधलेलं कुटुंब, असं समोर आलं की सरकार कोणतंही असो, सामान पुन्हा आत ठेवायला सांगणारच. तू नियम लिहिशील तो असा लिही, की तो वेळेवर पाळता येईल. निवृत्तीच्या दहा वर्षं आधी त्या माणसासाठी घराची सोय लाव, मग खोली रिकामी करायला सांग.

भाची : हे मी लिहून घेते. आता एक घरातलं विचारू?

मामा : विचार.

भाची : आईने हक्कसोडपत्रावर सही केली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात तिला?

मामा : म्हणालो, ताई, खोलीत मी राहतोय, कागद माझ्या नावावर झाला तर पुढची कामं सोपी होतील. ती म्हणाली, भावाचं घर उभं राहतंय, मी कशाला मध्ये येऊ. तिने मनापासून केली सही.

भाची : मनापासूनच केली, मला माहीत आहे. मी तुमच्यावर काही लावत नाही. मला त्यातून दुसरी गोष्ट दिसते. खोली भाड्याची होती तोवर प्रश्न एकच होता, इथे राहतं कोण? जो राहतो, भाडं भरतो, त्याचं नाव. आई लग्न होऊन गेली, तुम्ही राहिलात, त्यात अन्याय नव्हता. खोलीचा फ्लॅट झाला, त्याची किंमत कोटीच्या घरात गेली, आणि प्रश्न बदलला. आता प्रश्न, वारस कोण? वारसात आई तुमच्याइतकीच येते. म्हणून घराघरांत बहिणींकडून सह्या घ्यायला लागल्या. काहींनी मनापासून केल्या, काहींनी माहेर तुटू नये म्हणून केल्या. काही भावांची तोंडं कायमची फिरली. घर राहण्यासाठी असतं तेव्हा ते गरजेप्रमाणे जातं. संपत्ती झालं की रक्ताप्रमाणे जातं, आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे सरकतं.

मामा : *(थोडं थांबून)* हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं म्हणणार नाही. चाळीत असे तंटे मी स्वतः मिटवले आहेत. पण दुसरी बाजूही बघ. भाड्याच्या खोलीत तुझ्या आईचा हक्क शून्य होता. मालकी आली म्हणून तिच्या सहीला किंमत आली. सही मागावी लागली, कारण कायद्याने ती वारस होती. मालकीने भांडणं आणली, पण बाईला मोजायलाही लावलं.

भाची : पटलं. तेव्हा निदान घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करणं आणि बहिणींना त्यांचा हक्क समजावून सांगितल्याशिवाय सही न घेणं, एवढं तरी प्रत्येक वाटपात हवं होतं.

मामा : हवंच होतं. पुढच्या चाळींत तरी व्हावं.

भाची : आता मूळ गोष्टीकडे येते. तुम्ही इथे राहिलात, इथली पडझड सोसलीत. तुम्हाला इथून कोणी हलवू नये, तुमच्यानंतर इथे राहणाऱ्यांनाही हलवू नये, हा हक्क तुम्ही मिळवलेला आहे. पण वरळीच्या जमिनीचा भाव तुम्ही वाढवलेला नाही. तो सी लिंकने वाढवला, रस्त्यांनी वाढवला, आजूबाजूच्या कचेऱ्यांनी वाढवला, नालासोपाऱ्याहून रोज लोकलला लोंबकळत इथे कामाला येणाऱ्यांनी वाढवला. घर तुमचं. वाढलेला भाव सगळ्यांचा.

मामा : आणि तो वेगळा काढणार कसा? घराला भाव चिकटूनच येतो.

भाची : वेगळा काढतात. सिंगापूरमध्ये सरकारी गृहनिर्माण मंडळाने १९६४ पासून लोकांना घरं विकायला सुरुवात केली. आज तिथली बहुतेक कुटुंबं अशा घरांची मालक आहेत. पण मालकी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची. जमीन सरकारकडेच. घेतल्यावर साधारण पाच वर्षं तरी स्वतः राहावं लागतं. आपल्याकडेही म्हाडाच्या जुन्या सोसायट्यांखालची जमीन म्हाडाची आणि सोसायटीकडे भाडेपट्टा, ही पद्धत लोकांच्या अंगवळणी पडलेली आहे. त्यात एक कलम वाढवायचं. घर विकायचं झालं तर पहिला हक्क सरकारचा. सरकारने ठरलेल्या सूत्राने रास्त किंमत द्यावी, मालकाला तोटा होऊ देऊ नये, आणि ते घर पुन्हा भाड्याच्या साठ्यात घ्यावं. राहायचं तोवर तुमचं, मुलगा-मुलगी राहिली तर त्यांचं. नको झालं तर शहराचं.

मामा : सरकारकडे विकायला घर आलं आणि सरकारने दोन वर्षं पैसेच दिले नाहीत तर? मुलीच्या आजारपणासाठी घर विकायला निघालेल्या माणसाने कुठे हात पसरायचे? तुझ्या सगळ्या योजना सरकार चांगलं वागेल यावर उभ्या असतात. माझा आयुष्यभराचा अनुभव त्याच्या उलट आहे.

भाची : मग मुदत घाला. नव्वद दिवसांत पैसे आले नाहीत तर खुल्या बाजारात विकायला मोकळीक.

मामा : हे बरं. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत घर दहा वर्षं विकायचं नाही असं ठरवलं होतं. तरी लोकांनी मुखत्यारपत्रावर विकलीच. गरज माणसाला थांबू देत नाही. नुसती बंदी घातली की व्यवहार अंधारात जातो आणि गरिबाला भाव कमी मिळतो. घेणारा समोर उभा असेल, पैसे रोख असतील, तर लोक नियमाने विकतील.

भाची : म्हणजे कलम मान्य?

मामा : पुढच्यांना आधी सांगून लावलंत तर मान्य. आमचं घर देऊन झाल्यावर मागून अट घालू नका. आणि अजून एक. नुसतं परत विकत घेऊन साठा वाढत नाही, त्याला वर्षं लागतील. एक घर मालकीचं करून दिलं, की त्याच विभागात एक घर भाड्याचं नवं बांधा. दूरच्या माळावर नको. वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार, नवा हवालदार इथेच लागतो ना? मग इथेच. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटीच्या वर घरं रिकामी होती म्हणतात. घरं नाहीत असं नाही, भाडेकरूला घर द्यायला भरवशाचा मालक नाही.

भाची : आणि तुम्हीच मघाशी म्हणालात, सरकारवर भरवसा नाही.

मामा : नाही. तरी सरकारच लागेल. कारण खाजगी घरमालकाला अकरा महिन्यांपलीकडे बघायची गरज नसते. संक्रमणाच्या काळात आम्हाला महिना २५ हजार भाडं मिळालं. तेव्हा कळलं, की या भागात साधी खोली घ्यायला पंचवीस हजारही जेमतेम पुरतात. ते भाडं मिळालं नसतं तर आम्हीही तुझ्यासारखे नालासोपाऱ्याला गेलो असतो. सरकारने मालक व्हावं, पण त्याच्यावर डोळा ठेवणारी भाडेकरूंची समिती असावी. दुरुस्तीचा पैसा भाड्यातून वेगळा काढून ठेवावा. भाडेकरूला न्यायाधिकरणात जायची वाट कायद्याने मोकळी असावी. आम्हाला यातलं काही नव्हतं म्हणून आम्हाला मालकीच हवी झाली. पुढच्या भाडेकरूला हे दिलंत तर तो मालकीसाठी इतका जीव टाकणार नाही.

भाची : मामा, मग हे सगळं शिवडीला लावून बघूया का? तिथल्या बाराही चाळी त्याच काळातल्या. पण खालची जमीन मुंबई बंदराची, केंद्राची, म्हणून वरळी-नायगावला टॉवर उभे राहिले तरी त्या मागे राहिल्या. तिथे नियम नव्याने लिहिता येतील. सरकारचा खरेदीचा पहिला हक्क, दोघांच्या नावावर घर, आणि विक्रीच्या इमारतीतली ठरावीक घरं कायम भाड्याची.

मामा : एका अटीवर. शिवडीच्या भाडेकरूला वरळीपेक्षा एक चौरस फूटही कमी मिळता कामा नये. मालक वेगळा निघाला यात त्याचा दोष नाही. पात्रता लावताना भाचरांची, बहिणींची नावं लपवू नका. आणि भाड्याची घरं कापायची ती विक्रीच्या टॉवरमधूनच, भाडेकरूच्या वाट्यातून नाही. एवढं लिहिलंस तर निवेदन घेऊन मी स्वतः शिवडीच्या चाळींत फिरेन. लोक पहिल्यांदा अंगावर येतील, म्हणतील आमच्यासाठीच अटी का. त्यांना समजावायला तुला जमणार नाही, मला जमेल. मी भाडेकरू होतो आणि आता मालक आहे, दोन्ही बाजूंचं बोलू शकतो.

भाची : आणि रेसकोर्स?

मामा : त्याचा मुद्दा निवेदनात दुसरा घाल. चाळीवर अट लागते तेव्हा भाडेपट्ट्यावरच्या प्रत्येक सरकारी जमिनीवर तीच अट लागली पाहिजे, असं स्पष्ट लिही. त्याखाली आधी माझी सही घे, मग बाकीच्यांची.